गाईल त्याचे गाणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने एका अमेरिकन गायकावर बोलावे, आणि तेही कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, याचे काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण प्रथमच सांगून टाकतो. 'कसेल त्याची जमीन, श्रमेल त्याची गिरणी' ही घोषणा आपण वर्षानुवर्षे दिली. 'गाईल त्याचे गाणे' असे मात्र आपण कधी म्हटल्याचे मला स्मरत नाही. सॅम कुक हा कृष्णवर्णीय गायक अवघी तेहेतीस वर्षे जगला. त्यातली अखेरची सात-आठ वर्षे तो याच एका प्रश्नाशी झुंजत होता. आपण गातो, ते गाणे कोणाचे? त्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला पुरेसे वाटत नाही. परंतु प्रश्न त्याने नेमका ओळखला होता, आणि त्याच्या काळातल्या फार थोड्या कलावंतांनी तो ओळखला होता.

त्याचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल या गावी झाला. हा कापसाचा प्रदेश. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्येच संपली होती. पण तिच्या जागी जी बटाई आली ती आपल्याकडच्या कुळांना आणि सावकारांच्या ऋणकोंना सहज समजेल अशी होती. जमीन मळेवाल्याची, बी-बियाणे आणि खेचर त्याचेच, वर्षभराचे धान्य आणि कापडचोपडही त्याच्याच दुकानातून उधारीवर. कापूस निघाला की वर्षअखेरीस हिशेब व्हायचा. हिशेबाची वही मळेवाल्याच्या हाती. कूळ बहुधा निरक्षर, आणि साक्षर असले तरी गोऱ्या मालकाला 'तुमची बेरीज चुकली' असे सांगण्याची प्राज्ञा कोणाची? तेव्हा पीक कसेही येवो, वर्षअखेरीस कुळाकडेच काहीतरी बाकी निघे. ही वही लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला शहरात पुन्हा भेटणार आहे.

सॅमचे वडील चार्ल्स कुक हे धर्मोपदेशक होते. १९३३ च्या सुमारास ते कुटुंब घेऊन शिकागोला गेले. १९१० ते १९७० या साठ वर्षांत दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले, त्या लोंढ्यातलेच हे एक घर. या स्थलांतरामागे वंशद्वेष होता तसे यंत्रही होते. क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन मळ्यावर १९४४ साली पेरणीपासून वेचणीपर्यंत संपूर्ण यंत्राने काढलेले कापसाचे पीक आले. त्यानंतर बटाईच्या कुळांची मळेवाल्याला गरजच उरली नाही. आधी माणसाला जमिनीला बांधून ठेवायचे आणि यंत्र आले की त्याच जमिनीवरून हाकलायचे, हा क्रम अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'उत्पादकतेतील वाढ' या मथळ्याखाली येतो.

शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सॅम वाढला. वडिलांनी उपदेशाबरोबर पोटासाठी कारखान्यातही काम केले. आठ भावंडांपैकी काहींना घेऊन त्यांनी मुलांचे एक भजनी मंडळच तयार केले होते. १९४८ मध्ये सॅम शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी 'सोल स्टिरर्स' या ख्रिस्ती भक्तिगीतांच्या देशभर गाजलेल्या मंडळीत त्याला मुख्य गायकाची जागा मिळाली. ती जागा आर. एच. हॅरिस या थोर गायकाने सोडलेली होती. वीस वर्षांच्या पोराने ती भरायची, म्हणजे आपल्याकडे एखाद्या नामांकित गंधर्वाच्या जागी नवखा नट उभा करण्यासारखेच होते.

या भक्तिसंगीताविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण ज्याला 'सोल' संगीत म्हणतात ते याच्याच पोटी जन्मले. चर्चमधील गायक एक ओळ घेतो, ती घोळवतो, तोडतो, पुन्हा पुन्हा म्हणतो. समुदाय तिला साद देतो. ताल चढत जातो आणि अखेर शब्द मागे पडून केवळ आर्तता उरते. आपल्या वारकरी कीर्तनात गजर टिपेला पोहोचतो तेव्हाची अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९५० नंतरच्या दशकात काही गायकांनी हीच गायकी उचलली आणि देवाच्या जागी प्रेयसीला बसविले. रे चार्ल्स त्यांत अग्रभागी होता. अभंगाच्या चालीवर लावणी म्हटली तर आळंदीला काय होईल, याची कल्पना करा. तसेच तेथे झाले. श्रद्धाळूंना हा भ्रष्टाचार वाटला. सॅम कुकने १९५७ मध्ये पहिले लौकिक गीत प्रसिद्ध केले तेव्हा मुद्रिकेवर 'डेल कुक' असे टोपणनाव घातले. उपयोग झाला नाही. त्याचा आवाज कोणाला ओळखू येणार नाही? तो आवाज मखमलीसारखा मऊ होता आणि तरीही त्याच्या कडेला कुठेतरी खरखर होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो मध्येच एक छोटी गिरकी घेई. ही गिरकी पुढे कित्येकांनी उचलली.

आता वहीकडे येतो.

ध्वनिमुद्रिकेच्या धंद्यात मालकी दोन प्रकारची असते. एक गीताची, म्हणजे शब्द आणि चाल यांची. तिला प्रकाशन-हक्क म्हणतात. दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची, म्हणजे ज्या मूळ फितीवरून मुद्रिका छापल्या जातात त्या फितीची. गायकाला या दोहोंपैकी सहसा काहीच मिळत नसे. त्याला विक्रीवर शेकडा काही टक्के मानधन कबूल केलेले असे. पण त्यातून आधी दिलेली उचल, वादकांचे पैसे, स्टुडिओचे भाडे, सारे काही कंपनी वळते करून घेई. किती मुद्रिका विकल्या गेल्या हे कंपनीच सांगणार, खर्च किती झाला हेही कंपनीच सांगणार. मित्रहो, मळेवाल्याच्या दुकानातली तीच ही वही! खेचराच्या जागी फक्त ध्वनिग्राहक आला होता. आणि खर्च गायकाच्या हिश्श्यातून फेडून घेतल्यावरही मूळ फीत कंपनीचीच राही. कुळाने विहीर खणायची, तिचे पैसे कुळाच्या खात्यावर मांडायचे आणि विहीर मात्र मालकाची.

गीताच्या हक्काचा हिशेब तुलनेने सरळ होता. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने प्रत्येक मुद्रिकेमागे प्रत्येक गीताला दोन सेंट असा दर ठरवून दिला होता आणि तो १९७७ अखेरपर्यंत तसाच राहिला. या दोन सेंटांतला एक सेंट सामान्यतः गीतकाराचा, एक प्रकाशकाचा. दहा लाख मुद्रिका खपल्या तर वीस हजार डॉलर, त्यातले दहा हजार प्रकाशकाचे. म्हणून मुद्रिका काढणारी कंपनी स्वतःचीच एक प्रकाशन-संस्था उघडी आणि गायक-गीतकाराकडून तो हक्क चिरीमिरीत लिहून घेई. लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' हे १९५५ सालचे गीत जगभर वाजले; त्याच्या हक्कापोटी आपल्याला पन्नास डॉलर मिळाले, असे तो पुढे सांगत असे. त्याची कंपनी लॉस एंजेलिसची 'स्पेशल्टी'. 'सोल स्टिरर्स' ही मंडळीही त्याच कंपनीकडे मुद्रण करीत होती. म्हणजे कुकला हा धडा पुस्तकात शोधण्याची गरज नव्हती.

जून १९५७ मध्ये कुकचे एक ध्वनिमुद्रण चालू असताना स्पेशल्टीचे मालक आर्ट रूप तेथे आले. साथीला गोऱ्या गायकांचा वृंद पाहून ते संतापले. असल्या गुळमुळीत गाण्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे त्यांचे मत. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल याच्याशी त्यांची जुंपली. शेवटी ब्लॅकवेलने कंपनीकडून येणे असलेल्या पैशांवर पाणी सोडले आणि बदल्यात त्या फिती व कुकची करारातून मुक्तता घेतली. या फितींत 'यू सेंड मी' नावाचे एक साधेसुधे प्रेमगीत होते. 'कीन' या नव्याकोऱ्या कंपनीने ते काढले आणि वर्ष संपण्यापूर्वी ते कृष्णवर्णीयांच्या व गोऱ्यांच्या, दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले. दहा लाखांहून अधिक मुद्रिका खपल्या. धंद्यात मुरलेल्या माणसालाही बाजार कळतोच असे नाही, हे या प्रसंगावरून दिसते. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुद्रिकेवर गीतकार म्हणून नाव होते सॅमच्या भावाचे, एल. सी. याचे. गीत सॅमचेच, परंतु स्वतःचे नाव घातले असते तर जुन्या कराराचा आधार घेऊन स्पेशल्टीने प्रकाशन-हक्क मागितला असता. आपल्याकडे कमाल जमीन धारणा कायदा आल्यावर बड्या बागायतदारांनी भावा-पुतण्यांच्या नावावर सातबारे केले. येथे तीच युक्ती, पण ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याने केलेली.

पुढे 'कीन'कडूनही पैसे वेळेवर येईनात. तेव्हा कोर्टकचेरी झाली. १९६० मध्ये कुक 'आरसीए व्हिक्टर' या बलाढ्य कंपनीकडे गेला. तेथे 'चेन गँग', 'क्युपिड', 'ब्रिंग इट ऑन होम टु मी' अशी गीते एकामागून एक आली. यांपैकी पहिले बेड्या घालून रस्त्यावर खडी फोडणाऱ्या कैद्यांविषयी आहे. दौऱ्यावर असताना असे कैदी त्याने वाटेत पाहिले होते, असे सांगतात. चाल इतकी नाचरी की विषय काय आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात उशिरा येते. याबद्दल काही टीकाकार त्याला दोष देतात. मी देत नाही. ज्या रेडिओवर हे गाणे वाजायचे तो गोऱ्यांच्या मालकीचा होता, आणि गाणे वाजलेच नाही तर कैद्यांविषयी कोणाला काय कळणार?

पण त्याचे खरे काम या काळात पडद्यामागे चालले होते. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर हा भक्तिसंगीतातला जुना जाणता गायक. त्याच्याबरोबर कुकने 'कॅग्ज' ही प्रकाशन-संस्था चालविली आणि 'सार' ही स्वतःची मुद्रिका-कंपनी काढली. कृष्णवर्णीय गायकाने स्वतः प्रकाशक व्हावे आणि इतरांच्या मुद्रिकाही काढाव्यात, ही त्या वेळी फार दुर्मिळ गोष्ट होती. डेट्रॉइटला बेरी गॉर्डी याने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन 'मोटाउन'चा संसार मांडला, तो गायक नव्हता. गीतकार आणि उद्योजक होता. कुक मात्र स्वतः मैफिली करून त्या पैशांवर कंपनी चालवीत होता. आपल्या जुन्या 'सोल स्टिरर्स' मंडळीला त्याने तेथे आसरा दिला, जॉनी टेलरला संधी दिली आणि क्लीव्हलंडच्या वोमॅक बंधूंना भक्तिगीतांतून बाहेर काढून 'व्हॅलेंटिनोज' या नावाने लौकिक गाणी म्हणायला लावली.

या वोमॅक बंधूंचीच एक हकीकत सांगतो. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांचे 'इट्स ऑल ओव्हर नाउ' हे गीत निघाले. लगोलग इंग्लंडहून आलेल्या 'रोलिंग स्टोन्स' या गोऱ्या पोरांच्या वाद्यवृंदाने ते शिकागोच्या स्टुडिओत स्वतः ध्वनिमुद्रित केले. जुलैमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. बॉबी वोमॅक संतापला. आमचे गाणे आम्हालाच गाऊ द्या, असे त्याचे म्हणणे. पुढे मानधनाचा धनादेश हातात पडला तेव्हा आपला राग निवळला, हेही त्यानेच सांगून ठेवले आहे. कुकला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. गीत गोऱ्याने गायले तरी दर मुद्रिकेमागचे दोन सेंट चुकत नाहीत, हे तो पूर्वीच ओळखून होता. मात्र येथेच एक बारीकशी गोष्ट नजरेआड होते. त्यातला प्रकाशकाचा सेंट कोणाचा? 'कॅग्ज'चा, म्हणजे कुकचा आणि अलेक्झांडरचा. वहीचा मालक बदलला होता. नवा मालक न्यायी होता, आपल्याच रंगाचा होता, हिशेब चोख ठेवीत होता. पण वही मालकाच्याच हाती होती.

याला दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो अमेरिकेतल्याच कामगारांनी थोडाफार चालूनही पाहिला होता. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मुद्रिका वाजू लागल्या की जिवंत वादकाची नोकरी जाते, तेव्हा प्रत्येक मुद्रिकेमागे कंपनीने संघटनेच्या निधीत पैसे भरावेत आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळावे, अशी मागणी. संप दोन वर्षांवर चालला. १९४३ मध्ये एक मोठी कंपनी वाकली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये आरसीए व कोलंबिया यांनाही सही करावी लागली. पुढे १९४७ च्या कामगारविरोधी टाफ्ट-हार्टली कायद्याने हा निधी संघटनेच्या हातून काढून विश्वस्तांकडे दिला, ही गोष्ट वेगळी. यंत्रावरील नफ्यात सामूहिक हिस्सा मागणारा असा लढा कलेच्या क्षेत्रात मला दुसरा ठाऊक नाही. परंतु त्यात दोन खिंडारे होती. एक, गायक या संघटनेत नव्हतेच. बहिष्काराच्या काळात कंपन्यांनी वाद्यांवाचून केवळ गायकांचे मुद्रण करून वेळ मारून नेली. दुसरे अधिक लाजिरवाणे आहे. अनेक शहरांत या संघटनेच्या गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाखा वेगळ्या होत्या. लॉस एंजेलिसमध्ये त्या १९५३ मध्ये एक झाल्या. खुद्द कुकच्या शिकागोत १९६६ पर्यंत निराळ्या राहिल्या. कामगारांची संघटनाच जर दारावर रंग पाहत असेल, तर कृष्णवर्णीय कलावंताने सामूहिक मार्ग सोडून स्वतःची कंपनी काढली याचा दोष आपण कोणत्या तोंडाने त्याला द्यावा?

रंगाचा अनुभव त्याला रोजचाच होता. दक्षिणेतील दौऱ्यांत मुक्कामाला हॉटेल नाही, जेवायला खाणावळ नाही. न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालवाल्याने १९३६ पासून एक छोटे पुस्तक चालविले होते. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावी कोठे थारा मिळेल याची ती यादी असे. प्रेक्षागृहातही मधोमध दोर बांधून किंवा माडी वेगळी ठेवून दोन रंगांचे प्रेक्षक वेगळे बसविले जात. मे १९६१ मध्ये मेम्फिस येथे अशा विभक्त प्रेक्षकांपुढे गाण्याचे कुकने नाकारले. सहगायक क्लाइड मॅकफॅटर यानेही त्याला साथ दिली. त्या दिवशीचे उत्पन्न बुडाले, शिवाय करारभंगाचा धोका. या गोष्टीचा पुढे त्याने गाजावाजा केला नाही.

८ ऑक्टोबर १९६३ रोजी लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे मोठ्या हॉटेलात त्याने खोल्या आधी राखून ठेवल्या होत्या. पाहुणा कृष्णवर्णीय आहे हे दिसताच जागा नाही असे सांगण्यात आले. तो हटेना. बरोबरच्यांनी समजावून कसेबसे बाहेर काढले, मोटारींचे भोंगे वाजवीत मंडळी निघाली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील हॉटेलात पोहोचली तर तेथे पोलीस हजर. शांतताभंगाच्या आरोपाखाली त्याला, त्याच्या पत्नीला आणि सहकाऱ्यांना अटक झाली. ज्याची गाणी त्या गावातले गोरे तरुण रोज ऐकत होते, त्याला त्या गावात उशीला डोके टेकायला जागा नव्हती.

येथे आपल्या घरातली एक आठवण जोडतो, कारण ती अस्थानी नाही. या घटनेनंतर आठ महिन्यांच्या आत, मे १९६४ मध्ये, डॉ. राममनोहर लोहिया अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथे गेले. कुकच्या जन्मराज्याची ही राजधानी श्रीव्हपोर्टपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील एका उपाहारगृहात त्यांना वर्णावरून प्रवेश नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी ते आधी कळवून पुन्हा तेथेच गेले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. थोड्याच वेळात सोडले; अमेरिकन सरकारने दिलगिरीही व्यक्त केली. परक्या देशाच्या खासदाराची क्षमा मागणे सोपे होते. कुकची क्षमा श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी मागितली ती जून २०१९ मध्ये. तोवर त्याला जाऊन साडेचोपन्न वर्षे झाली होती.

श्रीव्हपोर्टनंतर दोन-तीन महिन्यांत 'अ चेंज इज गॉना कम' हे गीत तयार झाले. त्यामागे आणखीही काही होते. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा दीड वर्षाचा मुलगा घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेला होता. शिवाय बॉब डिलन या गोऱ्या तरुणाचे 'ब्लोइंग इन द विंड' ऐकून, असे गीत आपल्यापैकी कोणी लिहू नये याची त्याला खंत लागली होती. जानेवारी १९६४ अखेर रने हॉल याच्या वाद्यरचनेसह हे गीत ध्वनिमुद्रित झाले. चर्चमधील आर्तता, नागर वाद्यवृंदाचा भरणा आणि राजकीय आशय या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या. ७ फेब्रुवारीला दूरचित्रवाणीच्या लोकप्रिय कार्यक्रमात त्याने ते गायले. त्या प्रसारणाची फीत कोणी जपून ठेवली नाही. दोनच दिवसांनी 'बीटल्स' त्या देशाच्या पडद्यावर अवतरले आणि त्यापुढे इतर सारे विसरले गेले. वर्षअखेर गीताची स्वतंत्र मुद्रिका निघाली, ती दुसऱ्या एका नाचगाण्याच्या मागच्या बाजूवर; आणि तीतून कडवेही गाळले होते. चित्रपटगृहात आणि भर वस्तीत कृष्णवर्णीयाने फिरकू नये अशी जी ताकीद मिळे तिचा उल्लेख असलेले तेच नेमके कडवे. रेडिओला ते चालले नसते म्हणे.

या कंपनीची दृष्टी कशी होती त्याचे दुसरे उदाहरण. १२ जानेवारी १९६३ रोजी मायामीतील कृष्णवर्णीय वस्तीतल्या 'हार्लेम स्क्वेअर क्लब'मध्ये त्याच्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण झाले. तेथला कुक घाम गाळतो, ओरडतो, श्रोत्यांना चर्चप्रमाणे साद घालतो. आरसीएला ते फार रांगडे वाटले आणि मुद्रण कपाटात पडले, ते १९८५ मध्ये बाहेर आले. मात्र जुलै १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या श्रीमंत गोऱ्यांच्या 'कोपाकबाना' क्लबातली त्याची नेटकी, सूटबूटातली मैफिल कंपनीने तत्काळ विक्रीला आणली. एकाच माणसाचे दोन आवाज. कोणता बाजारात जाईल हे फितीचा मालक ठरविणार.

हे त्याला उमगले होते, म्हणूनच १९६३ मध्ये त्याने ॲलन क्लाइन या न्यूयॉर्कच्या हिशेबनिसाला हाताशी धरले. क्लाइनने आरसीएच्या वह्या तपासल्या, थकलेले पैसे बाहेर काढले आणि नवी व्यवस्था बसविली: कुकच्या मुलीच्या नावे 'ट्रेसी' ही कंपनी काढायची, ध्वनिमुद्रणे तिच्या मालकीची, आरसीएने फक्त वितरण करायचे. कुकला वाटले, आता गाणेही आपले आणि फीतही आपली. परंतु कागदोपत्री 'ट्रेसी'ची सूत्रे क्लाइनकडेच होती. ज्याने मळेवाल्याची वही उघडून चोरी दाखविली, त्याच्याच हाती नवी वही गेली. क्लाइनने कुकला पूर्वी कोणी दिले नव्हते इतके पैसे मिळवून दिले, हेही खरे आहे. म्हणून त्याला नुसता ठग म्हणून मोकळे होता येत नाही. कुळाचा वकील कुळाला खटला जिंकून देतो आणि जमीन फीत घेतो, असे आपल्याही तालुक्यांतून घडत आले आहे.

११ डिसेंबर १९६४ च्या पहाटे लॉस एंजेलिसमधील एका हलक्या दर्जाच्या मॉटेलात तेथील व्यवस्थापक स्त्रीने झाडलेल्या गोळीने कुकचा अंत झाला. स्वसंरक्षणार्थ केलेला वध, असा निर्णय चौकशीत घाईने दिला गेला. त्या रात्रीविषयी आजवर नाना तर्क लढविले गेले आहेत. त्यांत मी शिरत नाही. कटाचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. एवढे मात्र निश्चित की तितक्याच प्रसिद्ध गोऱ्या गायकाच्या मृत्यूची चौकशी इतक्या लवकर आटोपली नसती. शिकागोत अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले, काचा फुटल्या. लॉस एंजेलिसच्या अंत्यविधीत रे चार्ल्स गायला.

त्याच्यामागे 'सार' कंपनी टिकली नाही. एका माणसाच्या कर्तबगारीवर उभे राहिलेले घर त्या माणसाबरोबर बसले. प्रकाशनाचे हक्क काही वर्षांत हातोहात होत क्लाइनच्या 'ॲबको' कंपनीकडे गेले. 'सार'च्या फिती गेल्या, 'ट्रेसी'च्या तर तेथेच होत्या. रोलिंग स्टोन्सची १९६० नंतरच्या दशकातली ध्वनिमुद्रणेही पुढे याच कंपनीची झाली. म्हणजे 'इट्स ऑल ओव्हर नाउ' हे गीत वोमॅकच्या तोंडून ऐका वा इंग्रज पोरांच्या तोंडून, पैसे एकाच गल्ल्यात. क्लाइन २००९ मध्ये वारला. कंपनी चालू आहे.

कुकचे 'वंडरफुल वर्ल्ड' हे गीत १९८६ मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. कारण काय, तर एका विजारीच्या कंपनीने आपल्या जाहिरातीत ते वापरले होते. दुसरीकडे 'अ चेंज इज गॉना कम' हे नागरी हक्कांच्या चळवळीचे गीत झाले. ओटिस रेडिंगने १९६५ मध्येच ते आपल्या संग्रहात घेतले, त्यानंतर किती जणांनी गायले याची मोजदाद नाही. चळवळीतला कोणी मोर्चात ते म्हणेल तेव्हा त्याच्याकडे दोन सेंट मागायला कोणी येत नाही. मुद्रिका निघाली, चित्रपटात वापरले, की गल्ला उघडतो. एकाच गाण्याच्या या दोन मालकींतली कोणती खरी, आणि पहिलीचा विस्तार करायचा तर गायक-वादकांच्या सहकारी संस्था, त्यांच्या मालकीच्या फिती, त्यांच्या हाती असलेली वही या मार्गाने कितपत जाता येईल, यावर प्रश्नोत्तरांच्या वेळी आपण बोलावे अशी माझी इच्छा आहे. सहकाराचे आपल्या साखर कारखान्यांत काय झाले, असे कोणीतरी विचारणारच, विचारा.

तत्पूर्वी दोन ध्वनिमुद्रणे ऐकू. आधी मायामीच्या क्लबातले 'ब्रिंग इट ऑन होम टु मी'. त्यात श्रोत्यांचा आवाज गायकाइतकाच महत्त्वाचा आहे, तेव्हा आवाज थोडा मोठा ठेवा. त्यानंतर 'अ चेंज इज गॉना कम', गाळलेल्या कडव्यासकट.